ट्रेच्या अलीकडे, ट्रेच्या पलीकडे



समोरच्या टेबलावर मी तीन वस्तू मांडून ठेवल्या आहेत. एक विमानातला रेडिओ सेट. तो ज्यात बसतो तो पत्र्याचा रिकामा सांगाडा, त्याला ट्रे म्हणतात. आणि एक ॲलन की, 3/32 इंचाची. आज मी जे बोलणार आहे ते या तीन वस्तूंमध्ये मावतं.

अमेरिकेतल्या खासगी विमानमालकानं आपल्या विमानाच्या रेडिओला कुठवर हात लावावा, याचे तिथे नियम आहेत. हा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांनी प्रेमानं विचारलं, की आपल्या गावात विमान कोणाकडे आहे? खरं आहे, कोणाकडेच नाही. पण हा नियम मी तिथे पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. वाचता वाचता सरांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवलं. त्यामुळे हा विषय सरांच्या नावानं चालणाऱ्या व्याख्यानमालेतच मांडायचा, हे मी बरीच वर्षं मनाशी ठरवून ठेवलं होतं.

तुमच्यातल्या साठीपलीकडच्या लोकांना ते दुकान आठवत असेल. भिंतीला लागून वाल्व्हचे सेट, वर टांगलेले स्पीकर, कोपऱ्यात सिग्नल जनरेटर. त्या काळी घरात नुसता ऐकायचा रेडिओ ठेवायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे. लोक दुरुस्तीला रेडिओ आणत तेव्हा तिकिटं चिकटवलेलं परवान्याचं पुस्तक कधी कधी सेटच्या पाठीशी दोऱ्यानं बांधलेलं असायचं. आम्ही तेरा-चौदा वर्षांची पोरं शाळा सुटली की तिथे जायचो. सर आम्हाला सेट उघडू द्यायचे. डायलचा दोरा ओवा, दिवा बदला, वाल्व्ह काढून पाय पुसून परत बसवा, ड्राय सोल्डर शोधून डाग मारा. एका गोष्टीला मात्र सक्त मनाई होती. आयएफटीच्या, म्हणजे मधल्या वारंवारतेच्या ट्रान्सफॉर्मरच्या, कोअरला पेचकस लावायचा नाही. त्या कोअरवर मेणाचा थेंब टाकलेला असायचा, आणि तो थेंब मोडलेला दिसला की सर दोन दिवस बोलायचे नाहीत.

मी एकदा विचारलं होतं, वाल्व्ह चालतो, मग आयएफटी का नाही? सर म्हणाले, वाल्व्ह चुकीचा बसवलास तर रेडिओ गप्प राहील आणि तुला लगेच कळेल. आयएफटी चुकवलीस तर रेडिओ वाजेल, थोडा कमी वाजेल, आणि तुला वाटेल की बरोबर वाजतोय. ते ओळखायला कान पुरत नाही, जनरेटर लागतो.

पुढे मी शिकत शिकत अमेरिकेत गेलो आणि कॅन्सस राज्यात एका लहानशा विमानतळावर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात पंचवीसेक वर्षं काढली. कॅन्सस म्हणजे गव्हाची शेतं, आणि लहान विमानांचं माहेरघर. सेस्ना विचिटाची. एड किंग यांनी 1959 साली किंग रेडिओ ही कंपनी काढली आणि ती ओलेथे गावात वाढली. 1985 मध्ये ती विकली गेली आणि नाव बेंडिक्स-किंग झालं. तिथेच काम केलेल्या गॅरी बरेल आणि मिन काओ या दोघांनी 1989 मध्ये गार्मिन काढली, तिचं मुख्यालयही आता ओलेथेलाच आहे. म्हणजे जगातल्या लहान विमानांच्या पॅनेलवर जे रेडिओ दिसतात, त्यांतल्या पुष्कळांचं मूळ एका गावात सापडतं. टेबलावरचा हा सेट, किंग केएक्स 155, तिथलाच. एका खोक्यात दोन यंत्रं आहेत. डावीकडच्या आकड्यांवर टॉवरशी बोलायचं, उजवीकडच्या आकड्यांवर जमिनीवरच्या व्हीओआर केंद्राचा सूर पकडून दिशा घ्यायची.

अमेरिकेत खासगी आणि लहानसहान कामांची विमानं दोन लाखांच्या घरात आहेत. त्यांत श्रीमंतांची जेट थोडी. बाकीची सेस्ना 172 सारखी चार खुर्च्यांची, एका इंजिनाची. हे एक मॉडेल 1955 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि आजवर 44 हजारांहून अधिक बनलं. आमच्या दुकानात येणारी अशी विमानं मालकांपेक्षा वयानं फार लहान नसायची. शेतकरी, दातांचे डॉक्टर, शाळामास्तर, निवृत्त पोस्टमन असे मालक असत. आपल्याकडे जुनी जीप जशी माणूस स्वतः जपतो, तशी ते विमान जपत.

आता नियमाकडे येतो. अमेरिकन केंद्रीय नियमावलीचा शीर्षक क्रमांक 14, त्यातला भाग 43. विमानाची देखभाल कोणी करायची ते त्यात आहे. मूळ तत्त्व कडक आहे. परवानाधारक मेकॅनिक किंवा मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्र सोडून कोणी विमानाला हात लावायचा नाही. मग त्यात एक खिडकी उघडली आहे. वैमानिकाचा परवाना असलेला माणूस, स्वतःच्या मालकीच्या किंवा स्वतः चालवत असलेल्या विमानावर, काही साधी कामं स्वतः करू शकतो. विमान कंपनीच्या वाहतुकीतलं किंवा भाड्यानं प्रवासी नेणारं विमान त्यातून वगळलं आहे. या कामांना प्रतिबंधक देखभाल म्हणतात. साधी, किरकोळ जपणूक आणि छोट्या ठरावीक भागांची बदली, ज्यात गुंतागुंतीची जुळणी नाही, अशी तिची व्याख्या आहे.

इथे एक बारकावा आहे. हा हक्क मालकाला नाही, वैमानिकाला आहे. कोणाकडे पैसे आहेत, विमान विकत घेतलं, पण उडवता येत नाही, तर त्याला स्वतःच्या विमानाचं चाकही एकट्यानं बदलता येत नाही. कायद्यानं हक्क मालकीला जोडला नाही, त्या यंत्राच्या भरवशावर जो हवेत जाणार त्याला जोडला. मला हे फार योग्य वाटतं.

कामांची यादी परिशिष्टात आहे. टायर काढून बसवणं, तेल-वंगण, स्पार्क प्लग साफ करणं, बॅटरी बदलणं, उतरण्याच्या दिव्याची तुटलेली तार शोधून जोडणं. अशी तिसेक कामं. यादीच्या शेवटाकडे, मागाहून भर पडलेलं एक कलम रेडिओचं आहे. ते सांगतं, की पॅनेलच्या दर्शनी बाजूला बसवलेला, स्वयंपूर्ण असा बोलण्याचा किंवा दिशादर्शनाचा सेट, जो ट्रेमध्ये सरकवला की पाठीमागचे कनेक्टर आपोआप जुळतात, तो वैमानिकानं काढावा आणि बसवावा. सेट मुळातच वारंवार काढ-घाल करण्यासाठी बनवलेला हवा. तो कसा काढायचा याच्या लेखी सूचना हव्यात. आणि बसवल्यावर, वापरण्यापूर्वी, तो चालतो की नाही याची तपासणी झाली पाहिजे.

प्रत्यक्षात हे काम दोन मिनिटांचं. आधी विमानाचा मास्टर स्विच बंद. सेटच्या तोंडावर एक बारीक भोक आहे, त्यात ही ॲलन की घालून डावीकडे फिरवायची. आतला आकडा सुटतो आणि सेट हातात सरकत येतो. ट्रेच्या तळाशी कनेक्टरच्या पट्ट्या आणि अँटेनाच्या कोॲक्सचं टोक दिसतं. बसवताना उलट. पण की जोर लावून आवळायची नाही. जोर लावला तर सेट आत घट्ट बसतो असं वाटतं, खरं तर यंत्रणेचा आकडा वाकतो. हाताला ते समजलं पाहिजे, आणि चार वेळा केलं की समजतं.

याचा उपयोग काय, तर खूप. संपर्क कमकुवत झाल्यामुळे मधूनच बंद पडणारा सेट नुसता काढून परत बसवला तरी पुष्कळदा चालू होतो. विमानात दोन सारखे सेट असतील तर त्यांची अदलाबदल करून पाहायची. बिघाड सेटबरोबर सरकला तर दोष सेटमध्ये. जागेवरच राहिला तर दोष ट्रेमागच्या तारेत, अँटेनात किंवा माईकच्या जॅकमध्ये. एवढं निदान करून आलेला मालक आमच्या दुकानात अर्धा दिवस वाचवायचा, आणि शेकडो मैलांवरून अख्खं विमान आणण्याऐवजी नुसता सेट टपालानं पाठवू शकायचा.

या परवानगीला तीन अपवाद आहेत, आणि माझं मुख्य म्हणणं त्यांच्याविषयी आहे. आपोआप उडवणारी यंत्रणा म्हणजे ऑटोपायलट, ट्रान्सपाँडर, आणि डीएमई हे अंतर मोजणारं सूक्ष्मतरंगी उपकरण. यांना वैमानिकानं हात लावायचा नाही. हे सेटसुद्धा अनेकदा याच मापाचे, याच ट्रेवर, याच कीनं निघणारे असतात. केएक्स 155 च्या खाली दीड इंच उंचीचा ट्रान्सपाँडर बसलेला असतो. वरचा काढायला चालतो, खालचा चालत नाही. माझ्याकडचे मालक यावर चिडायचे. एकच पेच, एकच किल्ली, मग हा भेद कशाला?

मलाही पहिली दोन-तीन वर्षं उत्तर देता येत नव्हतं. मग एकदा सरांची आयएफटी आठवली आणि सगळं उलगडलं. बोलण्याचा रेडिओ बिघडला तर वैमानिकाला जमिनीवरच कळतं. तो टॉवरला विचारतो, माझा आवाज कसा येतोय, आणि उत्तर येतं किंवा येत नाही. व्हीओआरची तपासणीही त्याला स्वतःलाच करता येते. ढगांतून यंत्रांच्या भरवशावर उडायचं असेल तर मागच्या 30 दिवसांत ती झालेली असावीच लागते. जमिनीवरच्या ठरावीक खुणेवर काटा 4 अंशांच्या आत जुळला पाहिजे, हवेतल्या खुणेवर 6 अंशांच्या आत. ती नोंदही वैमानिकच करतो. तारीख, जागा, किती अंशांची चूक, आणि सही.

ट्रान्सपाँडर काय सांगतोय हे मात्र वैमानिकाला ऐकू येत नाही. जमिनीवरचं रडार 1,030 मेगाहर्ट्झवर विचारतं, तो 1,090 वर उत्तर देतो, मी अमुक, माझी उंची इतकी. काचेवर एक बारीक दिवा लुकलुकतो. उत्तर गेलं एवढंच त्या दिव्याला माहीत, उत्तर खरं होतं की नाही हे त्याला माहीत नाही. वैमानिकाच्या डोळ्यासमोरचा उंचीमापक 5,000 फूट दाखवत असेल आणि ट्रान्सपाँडर 5,600 सांगत असेल, तर चूक दिसते ती जमिनीवरच्या नियंत्रकाला आणि शेजारच्या विमानाच्या टक्करटाळू यंत्राला. म्हणून दर 24 महिन्यांनी ट्रान्सपाँडरची चाचणी रडार उपकरणांची मान्यता असलेल्या दुकानातच करून घ्यायची. उत्तराची वारंवारता 1,090 पासून 3 मेगाहर्ट्झपेक्षा जास्त ढळता कामा नये. सांगितलेली उंची उंचीमापकाशी 125 फुटांच्या आत जुळली पाहिजे. हे कानानं किंवा डोळ्यानं होत नाही. सरांच्या भाषेत, इथे जनरेटर लागतो.

उंचीचा हा एक आकडा किती मोलाचा आहे, ते आकाशानं फार क्रूरपणे शिकवलं. 31 ऑगस्ट 1986 रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस या वस्तीवर एअरोमेक्सिकोचं डीसी-9 आणि एक खासगी पायपर विमान एकमेकांवर आदळली. विमानांतले 67 आणि जमिनीवरचे 15, असे 82 जण गेले. पायपरमध्ये ट्रान्सपाँडर होता, पण उंची सांगणारा नव्हता. त्यानंतर मोठ्या विमानतळांभोवती 30 सागरी मैलांच्या घेरात उंची सांगणारा ट्रान्सपाँडर सक्तीचा झाला आणि प्रवासी विमानांना टक्करटाळू यंत्र लागलं. आपल्या देशात ही जखम दहा वर्षांनी झाली. 12 नोव्हेंबर 1996 ला हरयाणातल्या चरखी दादरीवर सौदीचं 747 आणि कझाकस्तानचं इल्यूशिन समोरासमोर धडकली, 349 माणसं गेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं. दिल्लीच्या नियंत्रकासमोर जे रडार होतं त्यावर विमान ठिपका म्हणून दिसायचं, त्याची उंची दिसत नव्हती. तो वैमानिकांच्या तोंडी सांगण्यावर विसंबून होता. ती संध्याकाळ मला आठवते. कॅन्ससच्या दुकानात बातमी कळली तेव्हा माझ्या बाकावर एक ट्रान्सपाँडर चाचणीला लावलेला होता. मी त्या दिवशी त्याची चाचणी पुन्हा पहिल्यापासून केली.

म्हणून मी म्हणतो, की हा नियम शहाण्या माणसांनी लिहिला आहे. काम कठीण की सोपं यावर त्यांनी रेघ ओढली नाही. चूक झाली तर ती करणाऱ्याला बसल्या जागी कळेल का, यावर ओढली. हे माझं वाचन आहे. नियमाच्या मजकुरात हे कारण दिलेलं नाही, पण तीन अपवाद शेजारी शेजारी ठेवले की मला दुसरं कोणतंच कारण पटत नाही.

आता दुसरी सीमा. सेट बाहेर काढला, हातात आला, आता त्याची झाकणं उघडायची का? नाही. तिथे विमान खात्याच्या जोडीला दुसरं खातं येतं, दळणवळण आयोग. विमानाच्या रेडिओत ट्रान्समीटर असतो, आणि त्याची आतली दुरुस्ती किंवा जुळवाजुळव करायला आयोगाचा वेगळा रेडिओटेलिफोन परवाना लागतो. त्याच्या दोन परीक्षा आहेत. पहिलीत कायद्याचे 24 प्रश्न, त्यांतले 18 बरोबर यावे लागतात. दुसरीत इलेक्ट्रॉनिक्सचे 100, त्यांतले 75. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना इथे चालत नाही. हे हॅम मंडळींना फार लागतं, कारण त्यांच्यातले कित्येक आमच्यापेक्षा हुशार असतात. मी त्या परीक्षेचा अभ्यास सरांच्या दुकानात केलेल्या वह्यांवरून केला होता. सुपरहेटरोडाइन रिसीव्हरची आकृती तीच होती.

झाकण का उघडायचं नाही, याचा धडा मला एका सज्जन माणसानं दिला. तो हाडाचा कारागीर होता, इंजिन स्वतः वेगळं करून जोडणारा. त्याच्या सेटचा आवाज बसका येतो असं कोणीतरी म्हणालं म्हणून त्यानं झाकण काढून एका कॉइलचा कोअर थोडा फिरवला. त्याला सुधारणा झाल्यासारखी वाटली. पुढे काही महिने तो आनंदानं उडत होता. विमानाच्या रेडिओत बोलताना स्वतःचा आवाज कानात परत येतो, त्याला साइडटोन म्हणतात, आणि तो स्वच्छ येत होता. ऐकायलाही स्वच्छ येत होतं. त्याचं बोलणं इतरांना फाटकं, खरखरीत जातंय हे त्याला कळायला मार्गच नव्हता. त्याच्या विमानाचा नंबर लोक ओळखू लागले, पण प्रत्येकाला वाटे, कोणीतरी सांगितलं असेल. सेट माझ्या बाकावर आला, मी मीटर लावले, आणि त्याला दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, इतके दिवस मला कोणी सांगितलं कसं नाही.

ट्रान्समीटरचा दोष सगळ्यांत शेवटी त्याच्या मालकाला कळतो. आणि विमानांचा बोलण्याचा पट्टा अगदी अरुंद आहे, 118 ते 137 मेगाहर्ट्झ. तो अजूनही जुन्या एएम पद्धतीवर चालतो. त्याचा एक मोठा फायदा आहे. दोन जण एकदम बोलले तर एफएममध्ये जोरकस आवाज दुबळ्याला गिळून टाकतो. एएममध्ये दोघांची मिळून शिट्टी वाजते आणि ऐकणाऱ्याला निदान कळतं, की कोणीतरी आणखी आहे. पण याचीच दुसरी बाजू अशी, की माईकचं बटण एका विमानात अडकून राहिलं, तर त्या वारंवारतेवरच्या सगळ्या विमानांचा गळा दाबला जातो. टायर मालकाचा असतो. वारंवारता सगळ्यांची असते, गावच्या विहिरीसारखी.

हे सगळं नियमाच्या बाजूनं बोललो. एका जागी मात्र मला तो तोकडा वाटतो, तेही सांगितलं पाहिजे. माझ्या बाकावर आलेल्या 'रेडिओ बंद' या तक्रारींतल्या कित्येकांत सेट निर्दोष असायचा. बिघाड माईकच्या जॅकमागच्या तुटलेल्या तारेत, किंवा विमानाच्या पाठीवरच्या अँटेनाच्या गंजलेल्या बुडाशी. उतरण्याच्या दिव्याची तार जोडायला वैमानिकाला परवानगी आहे, जॅकची तार यादीत नाही. ती चुकीची जोडली तर माईक मुका होतो, तपासणीत लगेच कळतं. मग माझ्याच कसोटीनुसार ती यादीत असायला हवी होती. 2009 मध्ये विमान खात्याच्या विधी विभागानं एक मत दिलं, की यादी ही उदाहरणादाखल आहे, व्याख्येत बसणारं इतर कामही वैमानिक करू शकतो. त्यानं दार किलकिलं झालं, पण कोणतं काम बसतं आणि कोणतं नाही, याची जोखीम बिचाऱ्या वैमानिकावर आली. मला यादीत सरळ एक ओळ वाढलेली आवडली असती.

तोवर एक जुना, चांगला मार्ग आहेच. नियम म्हणतो, की परवाना नसलेला माणूसही परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली काम करू शकतो. मेकॅनिकनं लागेल तितकं स्वतः पाहिलं पाहिजे आणि विचारायला तो जातीनं हजर असला पाहिजे. कित्येक मालकांनी आमच्या दुकानात अशा तऱ्हेनं शनिवारी जॅक बदलले. मी शेजारी उभा, ते पॅनेलखाली उताणे पडलेले, छातीवर कथलाची रीळ. मला सरांची पोरं आठवायची.

एक बदल मात्र खात्यानं चांगला केला. जीपीएस सेटमध्ये नकाशांचा माहितीसाठा दर 28 दिवसांनी नवा भरावा लागतो. आधी हे कामही प्रतिबंधक देखभालीच्या यादीत होतं. 2012 मध्ये ते यादीतून काढलं आणि सेट न उघडता, हत्यारांशिवाय आणि खास उपकरणांशिवाय होणारी अशी भर ही देखभालच नाही असं ठरवलं. वर्तमानपत्र बदलण्याला कोणी दुरुस्ती म्हणत नाही, तसं.

आता सहीकडे येतो. सेट काढून बसवला तर वैमानिकानं विमानाच्या नोंदवहीत चार गोष्टी लिहायच्या. काय केलं, कोणत्या तारखेला पुरं केलं, आपली सही, आणि आपल्या परवान्याचा प्रकार नि क्रमांक. ती सही म्हणजेच, त्या कामापुरता, विमान पुन्हा उडवायला योग्य असल्याचा दाखला. आणि दुसऱ्या एका कलमात लिहिलंय, की विमान उडण्यायोग्य ठेवण्याची पहिली जबाबदारी मालकाची किंवा चालवणाऱ्याची. मेकॅनिकची नव्हे. लोक हे विसरतात. दुकानात विमान टाकलं, बिल भरलं, की त्यांना आपली जबाबदारी संपल्यासारखी वाटते. स्वतः सेट काढणाऱ्या, स्वतः सही करणाऱ्या मालकांची विमानं मी निराळ्या नजरेनं पाहायचो. ती नेहमीच चकचकीत नसायची. पण मालकाला आपल्या विमानाबद्दल प्रश्न विचारला की उत्तर मिळायचं.

एका शेतकऱ्याच्या नोंदवहीचं पान माझ्या डोळ्यांसमोर आहे. पेरणीच्या दिवसांतली तारीख. खाली तीन ओळी, की दोन क्रमांकाचा सेट काढला, कनेक्टर तपासले, बसवला, टॉवरशी बोलून पाहिलं, स्पष्ट. मग सही आणि क्रमांक. अक्षर शाळेतल्या मुलासारखं, प्रत्येक अक्षर सुटं. त्यानं ते लिहायला सेट काढण्यापेक्षा जास्त वेळ घेतला असणार.

सरांच्या दुकानात अशीच एक वही होती, हे तुमच्यातल्या किती जणांना आठवतं? पोरानं काही केलं की लिहायचं, दिवा बदलला, दोरा ओवला, आणि खाली नाव. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की सर वही उघडायचे. ओरडायचे नाहीत. त्या पोराला बोलवायचे आणि सेट त्याच्यापुढे ठेवायचे.

आपल्या देशात खासगी विमानं थोडी आणि शिस्त निराळी. इथे विमानाच्या इलेक्ट्रॉनिक्सची जबाबदारी बी-2 वर्गाचा परवाना असलेल्या अभियंत्याकडे असते, आणि तो सही करेपर्यंत विमान जागचं हलत नाही. रेडिओवर बोलण्याचा वैमानिकाचा परवाना पूर्वी दूरसंचार खात्याकडून घ्यावा लागे. नवा भारतीय वायुयान अधिनियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला, आणि ते काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आलं. दोन खात्यांचे उंबरे झिजवणाऱ्या तरुण वैमानिकांना त्याचं मोल कळेल. आणि स्वतःच्या हातांनी विमान करण्याची ओढ आपल्याकडे नाही असं कोणी म्हणू नये. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि 2017 मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. अमेरिकेत अशा घरी बांधलेल्या विमानांना भाग 43 सहसा लागूच होत नाही. ज्यानं तार ओढली, त्यानंच ती जोडावी. पण ट्रान्सपाँडरची 24 महिन्यांची चाचणी त्यांनाही चुकत नाही. गच्चीवर बांधलं तरी आकाश तेच.

माझं बोलणं संपत आलं. हा सेट आणि ट्रे मी परत नेणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेला देऊन जाणार आहे. आज कार्यक्रम झाल्यावर मुलांनी इथे रांगेनं यावं, ही ॲलन की घ्यावी, सेट काढावा, मागचे कनेक्टर बघावेत आणि परत बसवावा. जोर लावायचा नाही, आकडा हाताला लागला की थांबायचं. झाकणाच्या पेचांवर मी लाल रंगाचा ठिपका दिला आहे, ते उघडायचे नाहीत. शेजारी एक कोरी वही ठेवली आहे. ज्यानं सेट काढला-बसवला, त्यानं पहिल्या पानापासून लिहायला सुरुवात करावी. तारीख, काय केलं, आणि सही.